शिबिरातली तपासणी वेगळी, तातडीची चिठ्ठी वेगळी

"काका, पुढच्या महिन्यात तोंडाच्या कॅन्सरचं शिबिर आहे, तेव्हा दाखवून घ्या." गालातला व्रण महिनाभर भरत नाही अशा माणसाला हा सल्ला नाशिक शहरात मिळतो, सिन्नर-निफाडला मिळतो, सुरगाणा-पेठकडे तर शिबिराशिवाय दुसरी वाटच नाही असं लोक धरून चालतात. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. शिबिर त्या माणसासाठी नसतंच. त्याला हवी असते तज्ज्ञाकडे तातडीनं पाठवणारी डॉक्टरची चिठ्ठी.

शिबिर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. टॉर्च, आ करा, जीभ वर. तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड दर पाच वर्षांनी पाहायचं, असा सरकारी कार्यक्रम आहे आणि त्याचा फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. त्याचा उपयोगही होतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या अभ्यासात आरोग्यसेवकांनी नुसत्या नजरेनं तोंडं तपासली, तरी तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तेव्हा मिश्री, तंबाखू, गुटखा घेणाऱ्यानं काही त्रास नसला तरी शिबिरात जावं.

पण ते त्रास नसताना. त्रास सुरू झाला की प्रश्नच बदलतो. शिबिरात ठणठणीत वाटणाऱ्या शेकडो लोकांतून संशयास्पद तोंडं वेगळी काढायची असतात. चिठ्ठीवर पाठवलेल्या एका माणसाला "हे नेमकं काय आहे?" याचं उत्तर द्यायचं असतं आणि ते बहुतेक वेळा तिथला छोटा तुकडा काढून तपासल्यावरच (बायोप्सी) मिळतं. तीन आठवड्यांहून जुना, कारण न सापडणारा व्रण. तोंडातला लाल चट्टा. मानेत टिकून राहिलेली गाठ. पंचेचाळिशीपुढे बसलेला आणि न सुटणारा आवाज. दिवसेंदिवस कमी उघडणारं तोंड. यांपैकी काहीही असेल तर शिबिराची तारीख पाहायची नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा तोंडाच्या शल्यचिकित्सकाकडे जायचं. "तोंड आलंय" म्हणून मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्यांवर पट्ट्या आणणं थांबवा. टोकदार दात गालाला किंवा जिभेला लागत असेल तर दंतवैद्याकडून त्याचं टोक घासून घ्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा. ती तारीख तिथेच ठरवून या.

त्याहून धोकादायक गैरसमज म्हणजे "शिबिरात सगळं नॉर्मल निघालं होतं." टॉर्चचा उजेड स्वरयंत्रापर्यंत पोहोचत नाही. जिभेचं मूळ, घशाचा खालचा भाग, नाकामागची जागा यांतलं शिबिरात काही दिसत नाही. तिथे दुर्बीण लागते. दोन महिने आवाज बसलेल्या माणसाच्या खिशात शिबिराचा 'नॉर्मल'चा कागद असेल, तर त्या कागदाचा त्याच्या आवाजाशी काहीही संबंध नाही.

चिठ्ठीचं यश मोजतानाही हाच घोळ होतो. इंग्लंडमध्ये २००० च्या सुमारास डोकं-मानेच्या कॅन्सरची शंका आली की दोन आठवड्यांत तज्ज्ञाची भेट, असा नियम आला. अशा चिठ्ठीवर आलेल्या शंभरांपैकी साधारण दहापेक्षा कमी जणांना कॅन्सर निघतो. त्यावरून "बाकीच्यांना उगाच पळवलं" म्हणणारे चुकतात. तिथल्या सूचना मुळात शंभरात तीन इतकी शक्यता असली तरी पाठवा, अशाच बेतलेल्या आहेत. चिठ्ठीची खरी मर्यादा वेगळी आहे. अनेक रुग्ण चिठ्ठी मिळण्याआधीच उशीर करून बसलेले असतात, आणि कित्येक कॅन्सर दुसऱ्याच वाटेनं सापडतात. म्हणून पहिली भेट लवकर झाली, एवढ्यावरून आजार आधीच्या टप्प्यात सापडला असं म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे पहिल्या भेटीचं उद्दिष्ट काढून टाकलं; आता चिठ्ठीपासून २८ दिवसांत 'आहे' किंवा 'नाही' हे रुग्णाला कळलं पाहिजे, यावर भर आहे. मला हेच माप योग्य वाटतं.

आपल्याकडे "ईएनटीला दाखवा" एवढंच खरडलेली चिठ्ठी मला मान्य नाही. पेठहून पहाटेच्या एसटीनं आलेला माणूस केसपेपर काढतो, रांगेत उभा राहतो, आणि तो ओपीडीचा दिवस नसला तर परत जातो. तो पुन्हा येईलच असं नाही. चिठ्ठीवर व्रण कुठे, किती दिवसांचा, तंबाखू किती वर्षं हे हवं, आणि 'कॅन्सरची शंका' हे शब्द न संकोचता लिहिलेले हवेत. पाठवण्याआधी फोन करून तारीख घ्यावी आणि आठवड्यानं रुग्ण पोहोचला का ते विचारावं. मानेतली गाठ असेल तर घसा न तपासता ती थेट कापून काढणाऱ्याकडे पाठवू नये. आधी दुर्बिणीनं घसा आणि सुईनं गाठ तपासायची असते.

आणि बायोप्सी. "सुरी लागली की पसरतो" हे ऐकून लोक घरी बसतात. तोंडातला तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरच्या उपचाराची मंजुरी हवी असेल, तरी आधी तोच रिपोर्ट लागतो.