मायक्रोमीटर

मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजून देणारं हातातलं साधन, शाळेत यालाच स्क्रू गेज म्हणतात. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, शाफ्ट (फिरणारा गोल दांडा) बेअरिंगमध्ये नीट बसणार की नाही हे शेवटी हाच सांगतो.

सगळी करामत आतल्या बारीक आट्यांची आहे. थिंबलला (बाहेरच्या फिरत्या नळीला) एक फेरा दिला की स्पिंडल (पुढेमागे होणारा दांडा) 0.5 मिमी सरकतो आणि थिंबलवर रेघा 50, म्हणजे एक रेघ 0.01 मिमी. स्लीव्हवर (आतल्या स्थिर नळीवर) 7.5 दिसतंय आणि थिंबलवर 23 वी रेघ जुळतेय तर माप 7.73 मिमी. पॅरिसच्या पामर नावाच्या संशोधकाने 1848 मध्ये याचं पेटंट घेतलं, पण स्क्रू फिरवून बारीक अंतर मोजायची युक्ती 17 व्या शतकात गॅस्कॉइन या इंग्रज खगोल अभ्यासकाने दुर्बिणीत आधीच वापरली होती.

व्हर्नियर कॅलिपरपेक्षा (सरकत्या जबड्याच्या मापपट्टीपेक्षा) हा भरवशाचा का, हे फार कमी लोक नीट सांगतात. व्हर्नियरमध्ये जॉब (मोजायची वस्तू) जबड्यात आणि स्केल वर बाजूला, त्यामुळे जबडा जरा कलला की माप चुकतं. इथे जॉब आणि स्क्रू एकाच रेषेत असतात. हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ अ‍ॅबेने 1890 मध्ये मांडलं, आणि त्याच वर्षी आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली, हे मला फार आवडतं.

आता उन्हाळ्याचं. मापं जगभर 20 अंश सेल्सियसला धरतात आणि मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी पार करतो. मायक्रोमीटर आणि जॉब दोन्ही स्टीलचे आणि सारखेच तापलेले असतील तर बरंचसं आपोआप सांभाळलं जातं, खरी फसगत लेथवरून काढल्या काढल्या मोजलं की होते. 50 मिमीचा स्टीलचा शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा 30 अंशांनी गरम असेल तर साधारण 0.017 मिमी जास्त दाखवतो, म्हणजे जवळपास दोन रेघा, आणि तेवढ्यावर घट्ट बसणारं फिटिंग ढिलं होतं. म्हणून जॉब गार होऊ द्यायचा, घाई करायची नाही.

थिंबल जोरात आवळायची नाही, मागचा रॅचेट (ठरावीक दाबानंतर घसरणारी छोटी मूठ) टकटक वाजेपर्यंतच फिरवायचा, दाब दरवेळी सारखा राहतो. मोजण्याआधी दोन्ही टोकं पुसून मिटवून शून्य बघायचं, 0.02 दिसलं तर प्रत्येक मापातून तेवढं वजा. आणि डब्यात ठेवताना टोकं घट्ट मिटवू नका, थोडी फट ठेवा आणि तेलाचा हलका हात फिरवा, पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो.