पळवाटा बुजवणारे विज्ञान

फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ विदुषींनी १९६७ साली एका निबंधात एक कल्पित प्रसंग मांडला. ताबा सुटलेली ट्राम धावत आहे, समोरच्या रुळावर पाच माणसे काम करीत आहेत आणि चालकाला ती केवळ दुसऱ्या एका रुळावर वळवता येते; तेथेही एक माणूस आहे. पुढे ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी याच प्रसंगाचे वेगळे रूप मांडले: ट्राम अडवण्यासाठी एका धिप्पाड माणसाला पुलावरून खाली ढकलावे लागले तर? पाचांसाठी एक, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. तरीही रूळ बदलण्यास बहुतेक जण तयार होतात आणि ढकलण्यास बहुतेक जण नकार देतात. जोशुआ ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ढकलण्यासारख्या प्रसंगांचा विचार करताना मेंदूतील भावनांशी निगडित भाग अधिक सक्रिय होत असल्याचे आढळले.

हा प्रश्न कोणालाही विचारून पाहावा. उत्तराआधी पळवाटा पुढे येतात. ब्रेक का लागत नाही? त्या पाच जणांना हाक का मारता येत नाही? 'तसे गृहीत धरा' एवढेच तत्त्वज्ञाच्या हाती असते. विज्ञानकथेला मात्र हे गृहीत धरायला सांगावे लागत नाही, कारण तिला आपल्या जगाचे भौतिक नियमच असे रचता येतात की पळवाट उरू नये. नैतिक पेच उभा करणाऱ्या विज्ञानकथा दूरचित्रवाणीवर इतक्या प्रभावी का ठरतात, याचे मूळ मला या काटेकोरपणात दिसते. अंतराळयाने आणि परग्रहवासी हे त्यामानाने वरवरचे आकर्षण आहे.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेच्या २००४ साली सुरू झालेल्या नव्या आवृत्तीचा '३३' हा पहिलाच भाग याचा उत्तम नमुना आहे. सायलॉन या यंत्रांनी मानवजातीचा जवळजवळ संहार केला आहे आणि उरलेली सुमारे पन्नास हजार माणसे जहाजांच्या एका ताफ्यातून पळत आहेत. ताफा अवकाशात कोठेही झेप घेवो, दर तेहतीस मिनिटांनी शत्रू तेथे हजर होतो. पाच दिवसांहून अधिक काळ कोणी धड झोपलेले नाही. एका झेपेत 'ऑलिंपिक कॅरिअर' हे प्रवासी जहाज मागे राहते आणि त्या वेळी, प्रथमच, तेहतीस मिनिटे उलटूनही शत्रू येत नाही. काही तासांनी ते जहाज परतते आणि त्याच्या मागोमाग शत्रूही येतो. त्यावर अण्वस्त्र असल्याची चिन्हे दिसतात आणि थांबण्याचे आदेश ते जुमानत नाही. जहाजावर १,३४५ प्रवासी असल्याची नोंद आहे. ते अजून तेथे आहेत का, हे कोणालाच ठाऊक नाही. लढाऊ विमानात बसलेल्या ली ॲडामाला गोळीबाराचा आदेश मिळतो आणि तो, सहकारी वैमानिक कारासह, तो पाळतो.

पेच फूट यांच्याच जातीचा आहे, पण येथे प्रत्येक पळवाट कथेच्या यंत्रणेनेच बुजवली आहे. विचार करायला वेळ नाही, कारण घड्याळ चालू आहे. जहाजाची तपासणी करता येत नाही, कारण शत्रू पाठीशी आहे. आणि निर्णय घेणाऱ्यांची बुद्धी अनिद्रेने बोथट झाली आहे. तेहतीस हाच आकडा का, याचा उलगडा भागात होत नाही आणि त्याची गरजही भासत नाही. नियम कोठून आला यापेक्षा तो सर्वांना सारखाच लागू आहे, याला नाटकात अधिक महत्त्व असते.

चित्रपट बहुधा येथे संपला असता. मालिकेला मात्र स्मरणशक्ती असते. २००७ मध्ये, तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, एका खटल्यात साक्ष देताना ली स्वतःच त्या जहाजाचा उल्लेख करतो: आपण हजारावर माणसांचे जहाज पाडले आणि आपल्याला क्षमा मिळाली, मग आरोपीलाच फाशी का? प्रेक्षक तोवर या माणसाला काही वर्षे ओळखत असतो. पडद्यावरील व्यक्तींशी जडणाऱ्या अशा एकतर्फी नात्याचे वर्णन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच केले होते. प्रयोगशाळेतील पाच माणसांना नावे नसतात. मालिकेत कळ दाबणाऱ्यालाही नाव असते आणि दाबल्यानंतरची वर्षेही असतात.

हे नाते लेखकाला धोकादायक ठिकाणी नेता येते. त्याच तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला, २००६ मध्ये, माणसे सायलॉनांच्या ताब्यातील ग्रहावर राहत असतात आणि प्रेक्षकांची आवडती पात्रेच आत्मघाती हल्ले घडवू लागतात. तेव्हा इराकमध्ये अमेरिकी सैन्य होते. वास्तववादी मालिकेत या विषयावर प्रेक्षकाने आपली बाजू आधीच निवडलेली असते. येथे बाजू निवडून झाल्यावर त्याला कळते की आपण कोठे उभे आहोत. (मार्च २००९ मध्ये या मालिकेच्या निमित्ताने संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात मानवी हक्कांवर चर्चासत्र झाले. मनोरंजन वाहिनीवरील यंत्रमानवांच्या कथेला असा मान क्वचितच मिळतो.)

ही युक्ती जुनी आहे. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या १९५५ मधील हत्येवरून अमेरिकी पटकथाकार रॉड सर्लिंग यांनी दूरचित्रवाणी नाटक लिहिले, तेव्हा प्रायोजकांच्या धास्तीने कथेचे स्थळ अमेरिकेच्या दक्षिण भागातून ईशान्येकडील न्यू इंग्लंडला हलवण्यात आले आणि बळी गेलेली व्यक्ती अनाम परदेशी झाली. १९५९ मध्ये सुरू झालेल्या आपल्या 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेत सर्लिंग झुंडीच्या मानसिकतेवर परग्रहवासीयांच्या आडून लिहू लागले आणि ते प्रक्षेपित होऊ लागले. तरीही मला हा विज्ञानकथेचा दुय्यम उपयोग वाटतो. रूपकाचा पडदा दूर केला की कथेत काहीच उरत नसेल, तर त्या कथेतील विज्ञान हा केवळ पोशाख असतो.

याउलट बीबीसीवर जुलै २००९ मध्ये सलग पाच रात्री दाखवलेली 'टॉर्चवुड: चिल्ड्रन ऑफ अर्थ' ही मालिका पाहावी. परग्रहवासी पृथ्वीवरील दहा टक्के मुलांची मागणी करतात, आणि सर्वांत भेदक प्रसंग ब्रिटिश मंत्र्यांच्या बैठकीत घडतो. मुले कशी निवडायची यावर शांतपणे चर्चा होते, आपल्या कुटुंबातील मुले वगळली जातात, आणि शेवटी सर्वांत मागे पडलेल्या शाळा निवडाव्यात असे ठरते. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्ये लक्षात आणून दिले होते की, एका ओळखीच्या जिवासाठी समाज वाटेल ते करतो, पण आकडेवारीतील जीव त्याला तितके हलवत नाहीत. मालिका दोन्ही टोके दाखवते: बैठकीत लाखो मुले ही टक्केवारी असतात, आणि अखेरच्या भागात नायक इतर सर्वांना वाचवण्यासाठी स्वतःच्या नातवाचा बळी देतो. शत्रूवर उलटवायची लहर एका मुलातूनच प्रक्षेपित करावी लागते आणि जवळ तेवढेच एक मूल असते.

हा नियम शेवटच्या क्षणी सैल केला असता तर? दुर्दैवाने असे अनेकदा होते. पेच पिकत आला की कोणीतरी इंजिनिअर नवे किरण शोधतो, काळ मागे फिरवला जातो किंवा मृत पात्राची प्रत तयार असते. लेखकाने सोडवणुकीसाठी विज्ञान वापरले, की मागील चाळीस मिनिटांतील यातना प्रेक्षकाला फसवणूक वाटू लागतात.

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मधील १९८९ सालचा 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग या मोहापासून दूर राहतो. डेटा हा यंत्रमानव अधिकारी व्यक्ती आहे की ताफ्याची मालमत्ता, यावर सुनावणी होते, आणि त्याच्याविरुद्ध बाजू मांडण्याचे काम त्याचा मित्र रायकर याच्यावर येते. त्याने नकार दिला, तर सुनावणीविनाच डेटा मालमत्ता ठरणार असतो. म्हणून मित्राला वाचवायचे तर रायकरने त्याच्याविरुद्ध सर्व ताकदीने लढायला हवे. तो भर सुनावणीत डेटाचा हात काढून दाखवतो आणि कळ दाबून त्याला बंद करतो. ही कथा लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास पेशाने वकील होत्या, हे जाणवते. न्यायाधीश डेटाला आत्मा आहे की नाही, यावर निकाल देत नाहीत. त्याला स्वतःविषयी निर्णय घेण्याचा हक्क आहे, एवढेच त्या ठरवतात. त्या हक्काचा पहिला वापर म्हणून डेटा आपले शरीर सुटे करू देण्यास नकार देतो, आणि ते सुटे करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाला संशोधन चालू ठेवण्यास सांगतो.