जुन्या ई-रीडरवर मुक्त सॉफ्टवेअर : यंत्र निवडण्यापूर्वीची माहिती

घरी पडून असलेला किंवा कोणाकडून स्वस्तात मिळालेला ई-रीडर पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून मिळेल का, अशी विचारणा ग्राहक आमच्याकडे नेहमी करतात. होकार देण्यापूर्वी आम्हाला यंत्राचे मॉडेल पाहावे लागते, कारण एकाच ई-रीडरमध्ये सॉफ्टवेअरचे अनेक थर असतात आणि प्रत्येक थराचा परवाना वेगळा असतो. जे सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याची, त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) अभ्यासण्याची, तो बदलण्याची आणि मूळ किंवा बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा परवान्यानेच मिळते, त्यालाच आम्ही मुक्त म्हणतो.

वरचे थर सोपे आहेत. पुस्तक उघडणाऱ्या प्रोग्रामसाठी आम्ही केओरीडर वापरतो. तो एजीपीएल या मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याखालचे लिनक्स कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा प्रणालीचा गाभा) आणि यंत्र सुरू करणारा यू-बूट हे दोन्ही जीपीएल या मुक्त परवान्याचे असल्यामुळे, ते वापरणाऱ्या उत्पादकाने त्यांचा सोर्स कोड देणे अपेक्षित असते, आणि ई-रीडर बनवणारी कोबो कंपनी तो प्रसिद्धही करते. अडचण येते ती वाय-फाय आणि स्क्रीन या दोन ठिकाणी.

वाय-फायच्या चिपला लागणारे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, बहुतेक वेळा सोर्स कोडशिवाय, तयार स्वरूपातच मिळते. म्हणून पूर्णपणे मुक्त मांडणी मागणाऱ्या ग्राहकांच्या यंत्रात आम्ही ते बसवत नाही आणि पुस्तके यूएसबी केबलने किंवा मेमरी कार्डावरून भरायला सांगतो. ई-रीडरच्या बाबतीत ही गैरसोय आमच्या मते फारशी मोठी नाही.

स्क्रीनचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. ई-इंक स्क्रीनमधील काळे-पांढरे कण विद्युतदाबाच्या ठरावीक क्रमाने हलवावे लागतात, आणि हा क्रम तापमानानुसार तसेच आधीची व नंतरची करडी छटा कोणती यानुसार बदलतो. या सगळ्या क्रमांच्या तक्त्याला वेव्हफॉर्म म्हणतात. तो त्या-त्या स्क्रीनसाठी तयार केलेला असतो आणि त्याचा मुक्त परवाना दिलेला नसतो. तो प्रोग्राम नसून आकडेवारी आहे, असे म्हणून काही जण हा मुद्दा सोडून देतात. आम्ही तसे करत नाही : यंत्र परत देताना सोबतच्या कागदावर वेव्हफॉर्म उत्पादकाचाच असल्याची नोंद करतो आणि बिलावर ‘शंभर टक्के मुक्त’ असे लिहीत नाही.

हे सर्व लक्षात घेता आमची पहिली पसंती कोबोच्या जुन्या यंत्रांना आहे. 2013 मध्ये कोबोचे ई-रीडर भारतात दुकानांतून मिळू लागले होते, त्यामुळे टच, मिनी आणि ग्लो ही मॉडेल्स आपल्याकडेही अधूनमधून सापडतात. मॉडेल क्रमांक टचसाठी एन 905, मिनीसाठी एन 705 आणि ग्लोसाठी एन 613 असा असतो. या तिन्हींत फ्रीस्केल कंपनीचा आय.एमएक्स प्रोसेसर आहे आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्राची मुख्य साठवण आतील मायक्रोएसडी कार्डावर आहे. मागचे झाकण उघडून कार्ड काढता येते, त्यामुळे नवी प्रणाली बसवताना काही बिघडले तरी जुनी प्रत परत घालून यंत्र पूर्ववत करता येते. अंधारात वाचायचे असेल तर ग्लो घ्यावा. टच आणि मिनीला स्वतःचा प्रकाश नाही. 2018 चा क्लारा एचडी, म्हणजे एन 249, मिळाला तर तो अधिक चांगला : त्यातही आत कार्डच आहे, स्क्रीन इंचाला 300 बिंदूंची आहे, आणि लिनक्स कर्नलच्या मूळ शाखेत त्याचे हार्डवेअर-वर्णन समाविष्ट झालेले आहे.

जे ग्राहक हे काम स्वतः करणार असतील त्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. या कोबो यंत्रांत वेव्हफॉर्म, अनुक्रमांक आणि हार्डवेअरची माहिती कोणत्याही फाइलमध्ये नसून कार्डाच्या सुरुवातीच्या, पहिल्या विभाजनापूर्वीच्या (पार्टिशनपूर्वीच्या) जागेत लिहिलेली असते. नव्या कार्डावर केवळ फाइल्स उतरवल्या तर ही माहिती मागेच राहते आणि स्क्रीन चालत नाही. म्हणून सर्वप्रथम संपूर्ण कार्डाची, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत, जशीच्या तशी प्रत काढून ती दुसऱ्या संगणकावर जपून ठेवावी.

किंडल आमच्याकडे सर्वाधिक येतात, पण या कामासाठी आम्ही ते सुचवत नाही. त्यांवर केओरीडर चालवण्यासाठी आधी जेलब्रेक करावे लागते, म्हणजे उत्पादकाने घातलेले निर्बंध तोडावे लागतात; ते शक्य आहे की नाही हे यंत्रातील सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर अवलंबून असते, आणि सगळे जमले तरी खाली ॲमेझॉनची प्रणालीच राहते. अमेरिकेतील नातेवाइकांकडून आलेला 2011 चा नूक सिंपल टच बाहेरील मेमरी कार्डावरून सुरू होऊ शकतो. मात्र त्यातील अँड्रॉइड 2.1 आता फार जुने झाले आहे.

मराठी वाचनापुरते सांगायचे तर, केओरीडरमध्ये ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपातील जोडाक्षरे हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने नीट जुळतात. आम्ही सोबत मुक्त परवान्याचा मुक्ता हा फॉन्ट घालून देतो. मराठी विकिस्रोतावरील ग्रंथ ईपब स्वरूपात उतरवून घेता येतात. दुकानातून घेतलेली, कुलूपबंद स्वरूपातील ई-पुस्तके मात्र या मांडणीत उघडणार नाहीत. पीडीएफची पाने सहा इंचांच्या स्क्रीनवर फार बारीक दिसतात. केओरीडर त्यांतील ओळी तोडून मोठ्या अक्षरांत मांडू शकतो, पण जुन्या यंत्रावर त्याला वेळ लागतो.

जुने यंत्र विकत घेण्यापूर्वी ते सुरू करून स्क्रीनवर न हलणाऱ्या रेघा किंवा डाग नाहीत ना, हे पाहावे, कारण बंद ई-रीडरवरही शेवटचे चित्र तसेच राहते आणि केवळ छायाचित्र पाहून फसगत होऊ शकते. बॅटरी उतरलेली असली तरी ती बदलता येते. फुटलेली स्क्रीन बदलणे बहुधा यंत्राच्या किमतीपेक्षा महाग पडते. आमच्याकडे यंत्र आणताना त्यातील आपली पुस्तके आणि टिपणे आधी संगणकावर काढून घ्यावीत आणि उत्पादकाच्या खात्यातून यंत्राची नोंदणी काढून टाकावी.