स्पीकरचे कंपरोधक स्टँड

घरातल्या स्पीकरची थरथर खालच्या टेबलात, फळीत किंवा फरशीत उतरू नये म्हणून त्याखाली ठेवायचा लवचीक आधार. दुकानात तो ‘आयसोलेशन स्टँड’ या नावाने मिळतो. साधी फोमची पाचर, रबरी बुटांवरची चौकट आणि स्प्रिंगचे पाय हे त्याचे नेहमीचे प्रकार.

वूफरचा, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या मोठ्या भागाचा, पडदा पुढे-मागे झाला की उलट धक्क्याने स्पीकरचे खोकेही किंचित हलते. खोके पोकळ फर्निचरवर असेल, तर फर्निचरची रुंद फळी स्वतःच आवाज करू लागते आणि तबला, बास गिटार, पुरुषी आवाज घुमल्यासारखे ऐकू येतात. मऊ आधार आणि स्पीकरचे वजन मिळून एक स्प्रिंग तयार होते. तिची एक स्वाभाविक कंपनसंख्या असते, म्हणजे धक्का दिल्यावर ती सेकंदाला जितक्या वेळा आपोआप हलते ती संख्या (हर्ट्झमध्ये). तिच्या सुमारे १.४ पटीवरचे कंप अडतात. त्याखाली फायदा नाही, आणि त्या संख्येच्या आसपास तर कंप वाढतात. आदर्श स्प्रिंग स्पीकरच्या वजनाने १ मिमी दबली तर ही संख्या जवळपास १६ हर्ट्झ येते, ४ मिमी दबली तर ८. रबर हलत्या भाराखाली जास्त ताठ वागते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून वर जातो. हलक्या स्पीकरखाली कडक रबर दबतच नाही. जड स्पीकरखाली मऊ फोम पार चेपतो. दोन्ही खर्च वाया. टोकदार धातूचे काटेही याच नावाखाली विकले जातात, पण ते स्पीकर जमिनीला घट्ट जोडतात. कंप तोडत नाहीत.

नागपुरातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये खाली काँक्रीटचा स्लॅब आणि वर फरशी असते. इतके जड तळ छोट्या स्पीकरने फारसे हलत नाही, त्यामुळे जमिनीवरच्या भक्कम स्टँडखाली महागडे पाय लावून हाती थोडेच लागते. खरी गरज दिवाणखान्यातल्या प्लायवूडच्या शोकेसवर, टीव्हीशेजारी ठेवलेल्या स्पीकरला असते. महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांत लाकडी तक्तपोशीचा मजला असेल, तर तिथेही. लकडगंज हा लाकडाचा जुना बाजार. तिथून सागाचा जाड तुकडा कापून आणावा किंवा कडप्प्याची फरशी घ्यावी आणि खाली वजनाला जुळणारी रबरी पॅड लावावीत, हा घरगुती उपाय तयार स्टँडच्या बरोबरीने चालू शकतो.

इथला उन्हाळा पारा ४५ अंशांपलीकडे नेतो. स्वस्त फोम काही वर्षांत भुसभुशीत होतो, आणि काही रबरे पॉलिशवर चिकट डाग सोडतात. मध्ये पातळ काच किंवा लॅमिनेटचा तुकडा ठेवलेला बरा. कूलरच्या दमट झोतात कच्च्या कडांचे पार्टिकल बोर्ड फुगते, म्हणून तसले स्टँड त्या खिडकीपासून दूर हवेत. कूलर चालू असताना मात्र फरक ऐकायला बसू नये. त्याच्या घरघरीत सगळेच स्टँड सारखे वाटतात.

स्टँड लावल्यावर ‘आवाज एकदम मोकळा झाला’ असे सांगितले जाते, त्यात उंचीचा वाटा मोठा असतो. ट्विटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा छोटा भाग, कानाच्या पातळीवर येतो आणि टेबलावरून परतणारा आवाज बदलतो. खात्री करायची तर तितक्याच उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून तेच गाणे ऐकावे. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची तक्रारही यामुळे पूर्ण मिटत नाही, कारण खर्जाचा बराचसा आवाज हवेतून भिंती-स्लॅबवर आदळून पलीकडे जातो. त्याला उपाय आवाज कमी करण्याचाच. रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर एकाच शोकेसवर असतील, तर कंप सुईतून परत अँप्लिफायरमध्ये शिरून घुमघुम सुरू होते. अशा वेळी आधी प्लेअर वेगळ्या जागी हलवावा, स्टँडचा विचार नंतर.