पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन का होत नाही?

कार्यालयातील कॉम्प्युटरवर नेहमीचे नाव आणि नेहमीचा पासवर्ड टाकला आणि तरीही पडद्यावर 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे' असे उत्तर आले, की बहुतेकांना पहिला संशय स्वतःच्या बोटांचा येतो. तोच पासवर्ड पुन्हा सावकाश टाकला जातो, कॅप्स लॉक तपासले जाते, मग आयटी विभागाला फोन जातो आणि तिथून पासवर्ड बदलून मिळतो. पुष्कळदा एवढे करूनही लॉगिन होत नाही. याचे कारण असे, की नेटवर्क खात्याचे लॉगिन म्हणजे केवळ पासवर्ड ताडून पाहणे नव्हे. कॉम्प्युटरला आधी सर्व्हरचा पत्ता सापडावा लागतो, दोघांची घड्याळे जुळावी लागतात, त्या कॉम्प्युटरची स्वतःची ओळख सर्व्हरला पटावी लागते आणि या सगळ्यांबरोबर वापरणाऱ्याची ओळख पटावी लागते. यांपैकी कोणती पायरी निसटली हे कळण्यापूर्वीच पासवर्ड बदलून टाकण्याची सवय मला घातक वाटते, कारण तिने मूळ बिघाड जागच्या जागी राहतो आणि वर एक नवा गुंता तयार होतो.

पडद्यावरचे उत्तर मोघम असते, यामागे हेतू आहे. 'असे खातेच नाही' आणि 'खाते आहे, पण पासवर्ड चुकला' असे दोन वेगळे निरोप मिळू लागले, तर अनोळखी माणसाला नावे टाकून टाकून खरी खाती हुडकता येतील. म्हणून सर्व्हर बाहेर एकच उत्तर देतो आणि तपशील आतल्या नोंदींत ठेवतो. विंडोजमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ या क्रमांकाखाली होते आणि तिच्यातील उपसंकेतावरून पासवर्ड चुकला, मुदत संपली, खाते बंद केलेले आहे की घड्याळ जुळत नाही, हे वेगवेगळे ओळखता येते. तपास करणाऱ्याने पडद्यापेक्षा या नोंदीवर विसंबावे.

आजच्या कार्यालयीन लॉगिनमागे जो विचार आहे, तो १९७८ सालचा. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी त्या वर्षी एक पद्धत मांडली. दोघांनाही विश्वासार्ह वाटणारा तिसरा सर्व्हर मध्ये असेल, तर खुल्या नेटवर्कवर गुपित न उघडता एकमेकांची ओळख पटवता येते, हे तिचे सूत्र होते. १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी साको यांनी तिच्यातील एक उणीव दाखवली. जुनी, चोरलेली किल्ली (निरोप कुलूपबंद करणारा गुप्त संकेत) पुढे केव्हाही वापरून फसवणूक करता येत होती, आणि त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे निरोपात वेळेचा शिक्का घालणे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट अथेना'मध्ये या दोन्ही कल्पनांवर 'कर्बेरॉस' ही प्रणाली उभी राहिली. विंडोज २००० बरोबर आलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने (कार्यालयातील खाती आणि कॉम्प्युटर यांची नोंद ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीने) तिचीच पाचवी आवृत्ती स्वीकारली आणि ती असंख्य कार्यालयांत पोहोचली.

या प्रणालीत पासवर्ड नेटवर्कवरून पाठवलाच जात नाही. कॉम्प्युटर पासवर्डपासून गणिताने एक किल्ली बनवतो, त्या किल्लीने त्या क्षणाची वेळ कूटबद्ध करतो आणि एवढेच सर्व्हरकडे धाडतो. सर्व्हरजवळ त्याच पासवर्डपासून बनलेली किल्ली असते. तिने निरोप उलगडला आणि आतली वेळ त्याच्या घड्याळाशी जुळली, तर सर्व्हर एक तिकीट देतो, जे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत सामान्यतः दहा तास चालते. पुढे सामायिक फोल्डर उघडताना किंवा प्रिंटर वापरताना हे तिकीट पुरते आणि पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही.

घड्याळांतील फरक ठरावीक मर्यादेपर्यंतच चालतो आणि ही मर्यादा साधारणपणे पाच मिनिटांची ठेवलेली असते. तिच्यामागे हिशेब आहे. कोणी तुमचा कूटबद्ध निरोप वाटेत टिपून जसाच्या तसा पुन्हा पाठवला तर तो ओळखता यावा, म्हणून सर्व्हर नुकतेच आलेले निरोप लक्षात ठेवतो आणि त्याच निरोपाची दुसरी प्रत आली की ती नाकारतो. सगळे निरोप कायमचे लक्षात ठेवणे शक्य नसल्यामुळे मर्यादेपेक्षा जुनी वेळ असलेला निरोप तो सरसकट फेटाळतो. मर्यादा फार आवळली तर प्रामाणिक कॉम्प्युटरही अडकतील, आणि सैल सोडली तर चोराला तेवढाच जास्त अवधी मिळेल.

घड्याळाचा बिघाड डोळ्यांना दिसेलच असे नाही. कर्बेरॉस स्थानिक वेळ पाहत नाही, जागतिक प्रमाणवेळ पाहतो. समजा, कॉम्प्युटरवर चुकीचा कालविभाग निवडला गेला आहे आणि पडद्यावरची वेळ कित्येक तास पुढे दिसते आहे. कोणी कालविभागाला हात न लावता काटेच मागे घेतले, तर कोपऱ्यातील वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते, पण आतली प्रमाणवेळ तेवढेच तास चुकलेली असते. पाहणारा 'वेळ बरोबर आहे' असा निर्वाळा देतो आणि तपास भलत्या दिशेला जातो. म्हणून वेळ तपासताना कालविभागही पाहावाच लागतो. मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली असेल, तर वीज बंद झाल्यावर घड्याळ एखाद्या जुन्या तारखेवर जाऊन बसते. सकाळी लॉगिन अडणे आणि तारीख वर्षानुवर्षे मागे असणे या दोन खुणा एकत्र दिसल्या, तर आधी ती बॅटरी बदलावी. काही प्रणाली सर्व्हरच्या उत्तरातील वेळ पाहून आपला निरोप सुधारून पुन्हा पाठवतात, त्यामुळे घड्याळ चुकलेला प्रत्येक कॉम्प्युटर अडेलच असे नाही, आणि एकाच खोलीतील दोन कॉम्प्युटर वेगवेगळे वागले तर त्यात नवल मानू नये.

सर्व्हर सापडण्याची पायरी घड्याळाच्याही आधी येते. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील कॉम्प्युटरला लॉगिन सर्व्हरचा पत्ता पाठ नसतो. तो डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला विचारतो, की या डोमेनसाठी (एकाच व्यवस्थापनाखालील खाती आणि कॉम्प्युटर यांच्या समूहासाठी) ही सेवा कोण देते. हे उत्तर फक्त कार्यालयाच्या आतल्या डीएनएस सर्व्हरजवळ असते. इंटरनेट संथ वाटते म्हणून कोणी त्या जागी सार्वजनिक डीएनएसचा पत्ता भरला, तर ब्राउझरमध्ये सगळी संकेतस्थळे झटकन उघडतात आणि लॉगिन मात्र होत नाही. 'इंटरनेट तर चालू आहे' हे वाक्य म्हणूनच पुरावा ठरत नाही. मॅकवर ही अवस्था लॉगिनच्या चौकटीतील लाल ठिपक्यावरून कळते. नेटवर्क खाती या घडीला उपलब्ध नाहीत, असा त्याचा अर्थ असतो, आणि तो दिसत असताना पासवर्ड टाकत राहण्यात काही हशील नाही. वायफायची अडचण याहून विचित्र आहे. वायफायला जोडण्यासाठी वापरणाऱ्याचे नाव लागत असेल आणि ती जोडणी लॉगिन झाल्यावरच होत असेल, तर त्या कॉम्प्युटरवर आजवर कधीही न बसलेल्या माणसाला आत शिरता येत नाही: नेटवर्कसाठी लॉगिन हवे आणि लॉगिनसाठी नेटवर्क. कॉम्प्युटरलाच स्वतःचे प्रमाणपत्र देऊन लॉगिनपूर्वी वायफायला जोडणे हा यावरचा खरा उपाय. तात्पुरता उपाय म्हणजे पहिल्या लॉगिनपुरती नेटवर्कची केबल लावणे.

डोमेनमध्ये कॉम्प्युटरचेही खाते असते आणि त्या खात्याला पासवर्ड असतो, हे वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोज कॉम्प्युटर हा पासवर्ड सामान्यतः दर ३० दिवसांनी आपला आपण बदलतो, तर डोमेनला जोडलेला मॅक दर १४ दिवसांनी. हा पासवर्ड दोन्हीकडे वेगळा झाला, की कॉम्प्युटर आणि डोमेन यांच्यातील विश्वासाचा संबंध तुटल्याचा निरोप येतो. कपाटात महिनोन्महिने बंद पडलेल्या लॅपटॉपचा पासवर्ड शिळा होतो, असा एक पक्का गैरसमज आहे. तसे होत नाही, कारण बदल करण्याचा पुढाकार कॉम्प्युटरचा असतो. तो बंद असताना डोमेन आपल्याकडून काहीच बदलत नाही. खरे दोषी वेगळे असतात. जुन्या बॅकअपवरून कॉम्प्युटर पूर्ववत केला, तर त्याच्याजवळ जुने गुपित आणि सर्व्हरजवळ नवे अशी फारकत होते. दुसरा एखादा कॉम्प्युटर त्याच नावाने डोमेनमध्ये आणला, तर पहिल्याचे खाते दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि काल चालणारा पहिला कॉम्प्युटर आज बंद पडतो.

या बिघाडाची ओळख पटवणारी एक साधी चाचणी आहे. केबल काढावी, वायफाय बंद करावे आणि त्याच कॉम्प्युटरवर पूर्वी लॉगिन केलेल्या व्यक्तीने पुन्हा प्रयत्न करावा. नेटवर्कशिवाय लॉगिन होत असेल आणि नेटवर्क जोडताच विश्वास तुटल्याचा निरोप येत असेल, तर दोष माणसाच्या पासवर्डात नाही, हे निश्चित. मग कॉम्प्युटरचे खाते दुरुस्त करावे किंवा कॉम्प्युटर डोमेनमधून काढून पुन्हा जोडावा. डोमेनमधून काढण्यापूर्वी त्या कॉम्प्युटरवरील स्थानिक प्रशासक खात्याचा पासवर्ड हाताशी आहे आणि तो चालतो, याची खात्री आधी करून घ्यावी. ती न केल्यास त्या कॉम्प्युटरवर कोणत्याही मार्गाने शिरता येत नाही.

नेटवर्क नसतानाही लॉगिन होते, कारण विंडोज अलीकडे लॉगिन केलेल्यांच्या पासवर्डचा पडताळा आपल्याजवळ ठेवते, सामान्यतः शेवटच्या दहा जणांचा. हा पासवर्ड नसतो. पासवर्डवर १०,२४० वेळा गणिती प्रक्रिया करून काढलेले ते एक मूल्य असते, जेणेकरून लॅपटॉप चोरीला गेला तरी मूळ पासवर्ड शोधणे कष्टाचे व्हावे. प्रवासात ही सोय मोलाची आहे, पण तपासात ती दिशाभूल करते. बिघाड माणसाच्या खात्यात आहे की कॉम्प्युटरमध्ये, हे ठरवण्याची उत्तम रीत म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलणे: तीच व्यक्ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर, आणि दुसरी व्यक्ती याच कॉम्प्युटरवर. मात्र ही दुसरी व्यक्ती तिथे पूर्वी कधीही न बसलेली हवी. नाहीतर तिचे लॉगिन जपून ठेवलेल्या पडताळ्यावर होऊन जाते, आणि सर्व्हरशी संपर्कच नसताना आपण नेटवर्क ठीक असल्याचा निष्कर्ष काढून बसतो.

खाते वारंवार लॉक होण्याचा प्रकार या सगळ्यांहून निराळा आहे. इथे पासवर्ड खरोखरच चुकीचा असतो, पण तो टाकणारा माणूस नसतो. जुना पासवर्ड साठवलेला मोबाईल, बैठकीच्या खोलीत उघडे राहिलेले सत्र, ठरावीक वेळी आपोआप चालणारे एखादे काम किंवा जुन्या नावाने जोडलेले फोल्डर दर काही मिनिटांनी प्रयत्न करत राहते आणि मर्यादा भरताच खाते बंद होते. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी नुकताच बदललेला जुना पासवर्ड या मोजणीत धरत नाही, त्यामुळे लॉक होणे पासवर्ड बदलल्यानंतर लगेच सुरू होईलच असे नाही, आणि म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड घालणे अवघड जाते. सर्व्हरवरील ४७४० क्रमांकाच्या नोंदीत खाते कोणत्या यंत्रामुळे लॉक झाले त्याचे नाव असते. ते यंत्र सापडेपर्यंत खाते कितीही वेळा उघडून दिले तरी ते पुन्हा बंद होणार.

आणि पासवर्ड बदलणे खरोखरच आवश्यक ठरले, तर तो कोठून बदलला याला महत्त्व येते. घरून काम करणाऱ्याचा पासवर्ड आयटी विभागाने सर्व्हरवर बदलला, तरी त्याच्या लॅपटॉपला ते ठाऊक नसते. तिथे जुनाच पासवर्ड चालतो आणि ईमेलला मात्र नवा लागतो. मॅकवर साठवलेल्या पासवर्डांची कीचेन जुन्याच पासवर्डने कुलूपबंद राहते आणि लॉगिन झाल्यावर पुन्हा पुन्हा विचारणा करू लागते. अशा वेळी लॅपटॉपमध्ये जुन्या पासवर्डने शिरावे, व्हीपीएनने (इंटरनेटवरून केलेल्या सुरक्षित जोडणीने) कार्यालयाच्या नेटवर्कला जोडावे, पडदा लॉक करावा आणि जोडणी चालू असतानाच नव्या पासवर्डने उघडावा. तेवढ्या एका फेरीत लॅपटॉप सर्व्हरला विचारून आपला जुना पडताळा बदलून घेतो. कीचेनला मात्र जुना पासवर्ड एकदा वेगळा सांगावा लागतो, म्हणून नवा पासवर्ड मिळाला तरी जुना लगेच विसरू नये.