रिकाम्या आसनासमोरची प्रार्थना

रोजच्या रहाटीपलीकडे काय आहे, हा प्रश्न विदर्भातल्या खेड्यांना नवा नाही. तेराव्या शतकात रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेने त्याचं उत्तर घर सोडण्यात शोधलं: अटन म्हणजे भटकंती, विजन म्हणजे एकांत, आणि भिक्षा. पुढेही ज्याला हा ध्यास लागला, तो बहुधा घरातून उठून गेला. शेतात राबणाऱ्यांच्या वाट्याला दर्शन आणि वारी उरली.

1935 साली अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि इथे खरं वळण आलं. राष्ट्रसंत स्वतः तरुणपणी सालबर्डी, रामदिघीच्या रानात राहिलेले, पण गावकऱ्यांना त्यांनी रानात बोलावलं नाही. पहाटे ध्यान आणि दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना, तीही आपल्याच गावात. ढोरं बांधून, हातपाय धुऊन यायचं आणि ओळीत बसायचं. शेजारी कोण जातीचा, हे पाहायचं नाही. 1942 च्या आंदोलनात त्यांना अटक झाली, त्यानंतरही हा नेम टिकला. त्यांच्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत तर प्रार्थना, गावसफाई आणि शेती एकाच रांगेत आली.

वाद झाला तो समोरच्या आसनावरून. प्रार्थनेचं अधिष्ठान रिकामं ठेवायचं, त्यावर मूर्ती नको, तसबीर नको, अशी मूळ शिस्त. ज्याचा जो देव, तो त्याने मनात पाहावा. विठ्ठलाच्या माणसाला आणि मुसलमानाला एकत्र बसता यावं, यासाठी दुसरा मार्गच नव्हता. 1968 साली राष्ट्रसंत गेल्यानंतर मात्र बऱ्याच गावांत त्या आसनावर खुद्द राष्ट्रसंतांचीच तसबीर आली. ज्याने हे शिकवलं त्याला हात कसे जोडायचे नाहीत, असं तिच्या बाजूचे विचारतात. त्यांची माया खरी आहे. पण तसबीर आली की जागा एका पंथाची होते, आणि नेमकं तेच टाळायचं होतं.

1956 च्या नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर गावोगाव विहारही उभे राहिले. रहाटीपलीकडचा शोध तिथे वेगळ्या वाटेने गेला.

अलीकडे राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला मोझरीत त्यांच्या निधनाच्या वेळी, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी होणाऱ्या मौन श्रद्धांजलीसाठी अफाट गर्दी लोटते. गावातली रोजची बैठक मात्र बारीक होत चालली. कृषिपंपांची वीज अनेकदा रात्रीच मिळते, तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस संध्याकाळीच शेत गाठतो. पोरं पुण्याला कामाला गेली. उरलेल्या म्हाताऱ्यांना वर्षातल्या एका सोहळ्यापेक्षा रोजची अर्धी ओळ भरलेली हवी आहे, आणि त्यांचं म्हणणं मूळ विचाराला धरून आहे.