चॉकलेट की कंपाऊंड?

आपल्याकडे चॉकलेट हा शब्दच मुळात फार उदार आहे. शाळेत वाढदिवसाला वर्गात वाटायची ती आंबट गोळी पण चॉकलेट, कॉफीची गोळी पण चॉकलेट, मामा येताना खिशातून काढायचा ते सगळं चॉकलेट, त्यात कोको औषधालाही नसला तरी. त्यामुळे तुम्ही खाताय ते चॉकलेट नाहीये असं कोणी सांगितलं तर आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं, आणि मी तर घरून केक-चॉकलेटच्या ऑर्डरी घेते.

बेकिंगच्या सामानाच्या दुकानात जाऊन नुसतं "चॉकलेट द्या" म्हणा, समोरचा विचारतो डार्क, मिल्क की व्हाईट, आणि एक जाडजूड स्लॅब हातात ठेवतो. वर मोठ्या अक्षरात डार्क आणि त्याच्या खाली, कधीकधी बऱ्याच खाली, कंपाऊंड. पहिली दोन वर्षं मला वाटायचं कंपाऊंड म्हणजे काहीतरी साईज असेल, होलसेलची वगैरे. हसू नका.

तर फरक काय. रंग तोच, साखर दोन्हीत भरपूर, वास पण जवळपास सारखा. फरक आहे तो तुपाचा. म्हणजे फॅटचा हो, पण मी आईला समजावताना तूप म्हणाले आणि तिला एका वाक्यात कळलं.

कोकोच्या बीचा साधारण निम्मा भाग हे तूपच असतं, कोको बटर. बी भाजून वाटली की चिकट लगदा होतो आणि तो जोरात दाबला की कोको बटर वेगळं निघतं आणि मागे राहते ती पेंड, ती दळली की आपली कोको पावडर. ही दाबायची युक्ती जुनी आहे, १८२८ मध्ये व्हॅन हाउटेन या डच कारखानदाराने पेटंट घेतलं होतं तिचं. खरं चॉकलेट म्हणजे तो लगदा, वरून आणखी थोडं कोको बटर, साखर आणि मिल्क असेल तर दुधाची पावडर. कंपाऊंडमधे काय करतात तर स्वस्तातली पेंड, म्हणजे कोको पावडर घेतात आणि महागड्या कोको बटरच्या जागी पामच्या बियांचं किंवा तसलंच दुसरं वनस्पती तेल घट्ट करून घालतात. झालं. आणि व्हाईट कंपाऊंड तर अजून गंमत आहे, व्हाईट चॉकलेटमधे पावडर नसतेच, कोकोचं म्हणून जे काही असतं ते फक्त कोको बटर (युरोपात ते निदान २० टक्के असावं लागतं), आता तेच काढून टाकलं तर उरलं काय, साखर, तेल आणि दूध पावडर. त्यात गुलाबी रंग टाकून आपण बारशाचे केक सजवतो.

आता कंपाऊंड एवढं का खपतं, तर स्वस्त आहे हे एक, पण फक्त तेवढंच नाही. कोको बटर फार नखरेल असतं. ते थिजताना सहा वेगवेगळ्या प्रकारे थिजू शकतं आणि त्यातला एकच आपल्याला हवा असतो, तो ज्यात चकाकी येते, तुकडा कटकन तुटतो आणि साधारण ३४ डिग्रीला वितळतो, म्हणजे हातात धरेपर्यंत ठीक आणि तोंडात गेला की पाणी. तो प्रकार आणायला टेम्परिंग करावं लागतं, डार्क असेल तर ४५-५० पर्यंत तापवा मग २७-२८ पर्यंत ढवळत ढवळत खाली आणा मग परत ३१-३२, आणि हे मे महिन्यात पुण्यातल्या एसी नसलेल्या स्वयंपाकघरात करून दाखवा म्हणजे मी तुम्हाला मानते. कंपाऊंडला यातलं काही लागत नाही. मायक्रोवेव्हमधे वितळवलं, साच्यात ओतलं, फ्रिजमधे ठेवलं, मोदक तयार. गणपतीत दिसणारे ते चकचकीत चॉकलेट मोदक बहुतेक या जातीचे असतात, आणि आईस्क्रीम कँडीवरचं काळं कवच, केकवरून ओघळणारं ड्रिप, क्रीम बिस्किटावरचा थर, यात पण बऱ्याचदा कंपाऊंडच.

इथे माझा एक पराक्रम सांगते. एका दिवाळीला मला वाटलं की पूर्ण खरं परवडत नाही तर अर्धं खरं अर्धं कंपाऊंड करू, चव पण येईल आणि सोपं पण पडेल. शंभर तुकडे केले. धड घट्ट होईनात, आणि जे झाले त्यांच्यावर आठवड्यात पांढुरके डाग आले, गिऱ्हाईकाला वाटलं बुरशी. बुरशी नव्हती, ते फॅट वर येतं त्याला ब्लूम म्हणतात आणि ते खाऊन काही होत नाही, पण हे कोणाला समजावत बसणार, पैसे परत दिले. नंतर कळलं की पामच्या बियांचं तेल आणि कोको बटर यांचं जमतच नाही, एकत्र आली की दोन्ही मऊ पडतात, आणि म्हणूनच तर कंपाऊंडवाले सगळं तूप असलेला लगदा न वापरता पावडर वापरतात. ते तेल ओलसर जागी जुनं झालं की साबणासारखी चव येते ती वेगळीच, एकदा चाखलीत की विसरणार नाही.

कंपाऊंड म्हणजे विष असं जे फॉरवर्ड फिरतात ते मला पटत नाहीत. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या कारखानी ट्रान्स फॅटची (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला वाईट अशी चरबी) मर्यादा २ टक्के आहे, त्यामुळे पूर्वीच्या डालड्याची भीती जशीच्या तशी आजच्या स्लॅबला लावू नका. सॅच्युरेटेड फॅट मात्र दोन्हीत दाबून आहे, त्यामुळे खरं चॉकलेट म्हणजे हेल्दी असंही नाही.

माझा राग नावावर आहे. आपल्याकडे कायद्याने चॉकलेटमधे कोको बटर सोडून दुसरं वनस्पती फॅट ५ टक्क्यांपर्यंत चालतं, पण ते पाकिटावर लिहावं लागतं. याच प्रकारावरून युरोपात कित्येक वर्षं भांडण होतं. ब्रिटिश चॉकलेटमधे असं दुसरं फॅट थोडं असायचं म्हणून इटली आणि स्पेन त्याला चॉकलेट म्हणू देईनात, पर्याय म्हणून विका म्हणाले, आणि २००३ मध्ये युरोपियन कोर्टाने त्यांनाच चूक ठरवलं. आणि आता उलटंच झालंय. २०२४ च्या शेवटी कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला, आणि २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या पेंग्विन आणि क्लब या बिस्किटांत कोको इतका कमी झाला की त्यांना चॉकलेट बिस्किट म्हणता येईना, आता नुसतं चॉकलेट फ्लेवर लिहितात. त्यांनी निदान लिहिलं तरी. आपल्याकडे चोको, चॉकलेटी, चोकोलिशिअस असले शब्द दिसले की मी आता आधी पाकीट उलटं करते. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यात साखरेनंतर लगेच हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट आणि मग कुठेतरी कोको सॉलिड्स तीन-चार टक्के, कोको बटरचं नावच नाही, तर ते कंपाऊंड. पाकीट नसेल, सुटा तुकडा असेल, तर जिभेवर ठेवा आणि चावू नका. खरं चटकन विरघळतं आणि जरा गारवा जाणवतो, कंपाऊंड बऱ्याचदा टाळूला मेणासारखं चिकटून बसतं.

मी दोन्ही वापरते. ड्रिपला, सजावटीच्या पाना-फुलांना, उन्हाळ्यात कुरिअरने जाणाऱ्या मोदकांना कंपाऊंड. गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मऊ मिश्रण), त्याचेच गोळे म्हणजे ट्रफल आणि नुसतं खायचे तुकडे, यांना खरं. यंदापासून ऑर्डरच्या मेसेजमधे दोन भाव लिहिते, चॉकलेट मोदक आणि कंपाऊंड मोदक, दुसरा निम्म्याहून कमी. बहुतेक जण दुसराच घेतात. एका काकूंनी मात्र फोन करून विचारलं, "अगं कंपाऊंड म्हणजे ज्यादा काही असतं का त्यात?"